तारेवरची नावं

सिद्रामअप्पा मिस्त्रीच्या गॅरेजला पाटी कधीच नव्हती. तार होती. सात रस्त्याकडून मालधक्क्याच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला पत्र्याची शेड, शेडच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ताणलेली जाड तार आणि त्या तारेला टांगलेले मोडके भाग. फुटका पिस्टन, वाकडा व्हॉल्व्ह, दात गेलेलं गिअर, जळून काळं पडलेलं बेअरिंग. प्रत्येकाखाली पत्र्याची एक काळी पट्टी आणि तिच्यावर नंबर प्लेटच्या पांढऱ्या रंगानं लिहिलेलं नाव. गाडीचं नाही, मालकाचंही नाही. ज्या ड्रायव्हरच्या हातून तो भाग गेला, त्याचं.

माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान त्या शेडला लागून. मधे फक्त एक पत्रा. सत्तर सालानंतरची सगळी वर्षं मी त्या माणसाच्या शिव्या ऐकत बॅटऱ्यांत ॲसिड ओतलं. मला तो नावानं कधी हाक मारायचा नाही. "ए ॲसिड," म्हणायचा. सगळ्यांना त्यानं अशीच नावं ठेवलेली. चहावाला "मुतरं पाणी", समोरचा टायरवाला "पंक्चर". चिडलं की त्याला बरं वाटायचं, म्हणून आम्ही चिडणं सोडलं. मग तो आम्ही चिडत नाही म्हणून चिडायला लागला. असला इसम!

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग काय बोलू? खोटं बोलू? मला नाही जमत.

कारागीर मात्र अव्वल, हे आधीच सांगून टाकतो. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जुन्या पिकअप गाड्या तेव्हा सोलापुरात बऱ्याच फिरायच्या. पेट्रोल परवडेना म्हटल्यावर मालकांनी त्यांची मूळ इंजिनं काढून डिझेलची बसवली. धड एकाचं, मुंडकं दुसऱ्याचं. असल्या गाड्यांना कंपनीचा मिस्त्री हात लावत नसे. सिद्रामअप्पा लावायचा. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. त्या वेळी कुणी खोकलं तरी पाना फेकून मारायचा. मग डोळे उघडून म्हणायचा, "तिसऱ्याचा नोझल मुततोय." खोलून बघावं तर तिसऱ्याचाच.

इंजिनाशी तो कानडीत बोलायचा. "बा तायी, बा," म्हणजे ये आई, ये. हेड उचलताना, पिस्टन बसवताना त्याचा आवाज इतका मऊ व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, बाळंतिणीच्या खोलीत आलोय. आणि मान वर करून माणसाकडं बघितलं की मराठीत तोंड सुटायचं. माणसासाठी त्याच्याकडं चांगला शब्द कुठल्याच भाषेत नव्हता.

त्याच्या बायकोचं नाव इरव्वा. अक्कलकोटकडची. शेडच्या मागं दोन खोल्यांत ते राहायचे, मूलबाळ नव्हतं. सोलापुरातले बाकीचे मिस्त्री हात पुसायला गिरणीतला सुताचा गुंता वापरायचे. अप्पाला तो चालायचा नाही. "सुताचा तंतू इंजिनात राहतो," म्हणायचा. त्याला जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं लागायचं. इरव्वाची लुगडी त्यानं फाडून फाडून संपवली. एकदा ती माहेरी गेलेली असताना तिची हिरवी इरकल फाडली, तांबड्या पदराची. तिच्या आईनं दिलेली होती. घरी आल्यावर तिनं बघितलं तर पदराचे तुकडे पिस्टनखाली अंथरलेले. ती आत गेली. बादली घेऊन आली आणि तेलकट चिंध्या धुवायला बसली. तेव्हापासून ते तिचं रोजचंच काम झालं. संध्याकाळी चिंध्या धुवायच्या, सकाळी घड्या घालून व्हाइसच्या शिकंज्यावर ठेवायच्या. साऱ्या रस्त्याला ती हिरवी चिंधी पाठ झाली होती. तसली चिंधी सोलापुरात दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

आता त्या तारेबद्दल.

एखाद्या गाडीचं इंजिन बसलं की अप्पा ते एकट्यानं खोलत नसे. मालकाला निरोप जायचा, ड्रायव्हरला निरोप जायचा. आजूबाजूचे ड्रायव्हर आपोआप जमायचे. याला तो पंचनामा म्हणायचा. ड्रायव्हरनं समोर उभं राहायचं. अप्पा एकेक बोल्ट सोडवत त्या माणसाची अक्कल काढायचा, आईबापापासून सुरुवात करून. मोडका भाग सापडला की ड्रायव्हरच्या दोन्ही हातांत द्यायचा, प्रसाद दिल्यासारखा. त्यानं तो तसाच धरून उभं राहायचं आणि अप्पानं सावकाश, जीभ दातात धरून, पट्टीवर त्याचं नाव रंगवायचं. रंग वाळला की पट्टी तारेवर.

तारेवरचं कुणी काढायचं नाही, हा नियम. रोज सकाळी अप्पा एक लोखंडी आकडी घेऊन यायचा आणि रात्रीच्या वाऱ्यानं फिरलेल्या पट्ट्या एकेक करून सरळ करायचा. नाव रस्त्याकडं दिसलं पाहिजे. दात घासायच्या आधी हे काम. कारण नवा ड्रायव्हर ठेवायचा असला की सोलापुरातले शेठ लोक आधी या रस्त्यानं एक चक्कर मारायचे. तारेवर नाव असलं की संपलं. त्याला पुन्हा कुणी स्टेअरिंग देत नसे.

बार्शीकडचा एक ड्रायव्हर होता, ज्ञानू म्हणून. त्याचं नाव एका वितळलेल्या पिस्टनखाली लटकत होतं. तो माणूस पुढं कावीळ होऊन गेला. दिवसपाणी उरकल्यावर त्याची बायको आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून शेडच्या बाहेर उभी. म्हणाली, "अप्पा, मानूस गेलं. आता तेवढं नाव खाली घ्या की. येता-जाता लोक बगत्यात."

अप्पा नट आवळत होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "तो मेला म्हून पिस्टन दुरुस्त झाला काय?"

बाई थोडा वेळ थांबली. तिला वाटलं असावं, हा पुढं अजून काही बोलेल. त्यानं पुढचा नट घेतला. इरव्वानं आतून पाण्याचा तांब्या आणला, पण तोवर ती निघून गेली होती. मी तेव्हा पत्र्यापलीकडून म्हणालो, "अप्पा, किडे पडतील तुला." तो म्हणाला, "पडू देत. किड्यांनाबी काम शिकवीन."

हे सगळं नरसय्याच्या आधीचं. पण नरसय्याचं सांगायचं तर हे माहीत असायला हवं.

नरसय्या तेलुगू विणकराच्या घरातला. बाप मागावर, आजा मागावर. हाही मागावरच होता, पण सुताची धूळ छातीत बसली आणि खोकला लागला. डॉक्टरनं सांगितलं, कारखाना सोड नाहीतर जग सोड. म्हणून तो ड्रायव्हिंग शिकला. एका चादरवाल्या शेठकडं तसलीच जुनी डिझेल पिकअप होती. कारखान्यातून चादरीचे गठ्ठे उचलायचे, मालधक्क्यावर टाकायचे. नरसय्याला ते स्टेअरिंग मिळालं आणि माणूस बदलला. अंगावर मांस आलं. खोकला गेला. गाडी तर अशी जपायचा की विचारू नका. सकाळी आधी ऑइलची पट्टी बघायची, मग पाणी बघायचं, मग रेडिएटरला नमस्कार करायचा, मगच स्वतःला चहा. मला म्हणायचा, "अन्ना, ये स्टेअरिंग हाय म्हणून मी हाय बघा. परत मागावर बसलो की गेलो." यात त्यानं काही वाढवून सांगितलेलं नव्हतं. त्याच्या थोरल्या भावाला आम्ही त्याच खोकल्यानं जाताना बघितलं होतं.

त्या पिकअपच्या इंजिनाचं मोठं काम अप्पानं काढलं. सगळं उतरवलं, बेअरिंग बदलली, परत बसवलं. डॅशबोर्डवरचा ऑइलच्या दाबाचा काटा आधीपासून बंद होता, त्याची बारीक नळी गळत होती. नरसय्या म्हणाला, "मिस्त्री, तेवढा काटा चालू करून द्या की. मला दिसलं म्हणजे बरं."

अप्पाला हा अपमान वाटला. त्यानं ती नळी पकडीत धरली, चपटी केली आणि तोंड झाळून बंदच करून टाकलं. "माज्या कामावर काटा लागत न्हाय. लई शाना झालास व्हय? स्टेअरिंग धर अन् सुम्न कूडु." सुम्न कूडु म्हणजे गप बस. हे सगळ्यांच्या देखत झालं. मी होतो, टायरवाला होता, चहावाला होता.

गाडी चार-सहा दिवस झकास चालली. मग एके दिवशी भर दुपारी मालधक्क्याच्या चढावर इंजिनातून ठोका आला. नरसय्यानं तिथल्या तिथं गाडी बंद केली. एक चाक पुढं जाऊ दिलं नाही. गठ्ठे उतरवायला लावले, बैल लावून गाडी ओढत शेडपर्यंत आणली. बैलाच्या पुढं तो स्वतः चालत होता आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला बघून एवढंच म्हणाला, "अन्ना, ऑइल फुल हाय. मी सकाळी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी पंचनामा. शेठ खुर्चीत. ड्रायव्हर लोकांचा हा घोळका. नरसय्या मधे उभा, हात पुढं बांधून. अप्पा गाडीखाली शिरला. त्याचं तोंड चालूच होतं. मागावरच्या माणसानं मागावर बसावं, गाडी म्हणजे लुंगी न्हवं, विणायला आला आणि इंजिन उसवून बसला. लोक हसत होते. ड्रायव्हरच हसत होते हं, ज्यांची स्वतःची नावं उद्या तारेवर जाऊ शकत होती तेसुद्धा. दुसऱ्याची पाळी आली की माणसाला किती बरं वाटतं!

अप्पानं ऑइल चेंबर खाली घेतलं. ऑइल भरपूर निघालं. नरसय्या पुटपुटला, "बघा, फुल हाय." मग अप्पाचा हात आत गेला, पंपाच्या जाळीकडं. ही जाळी चेंबरमधून ऑइल ओढते आणि बेअरिंगांना पाजते. हात आत गेला आणि अप्पाचं तोंड थांबलं.

बराच वेळ तो गाडीखालून निघेना. शेठ म्हणाले, "काय झालं?" चहावाला वाकला, मी वाकलो, सगळेच वाकले. अप्पाच्या मुठीत ऑइलनं थबथबलेली एक चिंधी होती. हिरवी. कडेला तांबडा पदर.

जाळीवर चिंधी बसली होती. ऑइल वर चढेना, बेअरिंग कोरडं पडून जळालं. काम करताना धूळ जाऊ नये म्हणून त्यानंच ती आत कोंबली होती आणि काढायला विसरला होता. यात समजून घेण्यासारखं काही नव्हतं. तिथल्या प्रत्येकाला कळलं, शेठला कळलं, कालच्या बैलवाल्यालासुद्धा कळलं.

अप्पा बाहेर आला. चिंधी बाजूला टाकली. जळकं बेअरिंग उचललं आणि नरसय्याच्या हातात दिलं.

मला राहवलं नाही. मी ओरडलो, "अप्पा, अरे लाज आहे का? चिंधी तुझी आहे."

"चिंधीनं गाडी चालवली काय?" अप्पा म्हणाला. "स्टेअरिंगवर कोन होतं?"

नरसय्या म्हणाला, "मिस्त्री, ठोका आला अन् लगीच थांबलो की मी."

"ठोका यायच्या आदी थांबायचं."

"काटा न्हवता हो. तुमीच बंद केला."

"काटा बघून काय बी शेंबडं पोरगं गाडी चालवंल," अप्पा म्हणाला आणि त्यानं रंगाचा डबा उघडला.

मी शेठकडं बघितलं. शेठनं खाली बघितलं. ती खिचडी गाडी सोलापुरात फक्त अप्पाच जिवंत करू शकत होता आणि इंजिन अजून जमिनीवर सांडलेलं होतं. शेठ म्हणाले, "मला बाबा यातलं कळत नाही. मिस्त्री म्हणतील ते." उठले, धोतर झटकलं आणि गेले. ड्रायव्हर लोक आता हसत नव्हते. पण एकही जण पुढं आला नाही. उद्या त्यांच्याही गाड्या इथंच यायच्या होत्या.

अप्पानं जीभ दातात धरून नाव लिहिलं. न र स य्या. जोडाक्षर मोठं सुबक काढलं त्यानं. नरसय्या बेअरिंग धरून उभा होता आणि त्याच्या मनगटांवरून काळं तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. मागच्या दारात इरव्वा उभी होती. सगळे पांगल्यावर तिनं येऊन ती चिंधी उचलली आणि आत नेली.

नरसय्याला शेठनं काढलं. बाकीच्या शेठांनी घेतलं नाही. श्रीपूरला साखर कारखान्यावर ट्रॅक्टरला माणूस हवा होता म्हणून गेला, तिथंही तारेची बातमी आधीच पोचलेली. मागावर बसला नाही एवढंच. हातगाडी ओढायला लागला. गठ्ठे तेच, मालधक्का तोच आणि रस्ताही तोच. रोज भरलेली हातगाडी ओढत तो स्वतःच्या नावाखालून जायचा. त्याची पिकअप नवा ड्रायव्हर घेऊन मागून यायची आणि हॉर्न मारायची. थोड्याच दिवसांत खोकला परत आला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. गॅरेजात हत्यारांची पूजा असायची. पाने, जॅक, व्हाइस सगळं धुऊन मांडायचं, तारेलासुद्धा झेंडूची माळ. सगळे ड्रायव्हर प्रसादाला यायचे. इरव्वा हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली. जॅकला कुंकू लावलं, पान्यांना लावलं, व्हाइसला लावलं. मग स्टूल ओढलं, वर चढली, कमरेला खोचलेली ती हिरवी चिंधी काढली आणि नरसय्याच्या बेअरिंगशेजारी तारेला बांधली. धुऊन लख्ख केली होती. पट्टी नव्हती, नाव नव्हतं. तिला कुठं लिहिता येत होतं? तिनं चिंधीला कुंकू लावलं आणि खाली उतरली.

कुणाच्या तोंडातला पेढा पुढं सरकेना. अप्पा हातात आकडी घेऊन उठला.

इरव्वा त्याच्याशी चारचौघांत कधी बोलली नव्हती. तेव्हाही ती त्याच्याकडं न बघता व्हाइसकडं बघून म्हणाली, "तारंवरचं कुनी काढायचं न्हाय म्हनं. ह्यांचाच नेम हाय की."

अप्पा तसाच उभा राहिला. मग खाली बसला. मला इतका आनंद झाला की मी दोनदा प्रसाद मागून घेतला. खोटं कशाला सांगू?

आम्हाला वाटलं, आता नरसय्याचे दिवस फिरले. छे! ज्यांना वाचता येत नव्हतं ते चिंधी बघून हसायचे, अप्पाला ऐकू जाईल असं "इरकल नेसली का रे गाडी?" म्हणायचे. त्यांनी अप्पाला पुढं कधी सुखानं बसू दिलं नाही. दुसऱ्याला चारचौघांत हसायची त्याची शिकवण वाया गेली नव्हती. पण ड्रायव्हर ठेवायचे शेठ लोकांनी आणि शेठ लोकांना वाचता येत होतं. त्यांनी नाव वाचलं. चिंधी कोण वाचतंय?

पुढं अप्पाला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. शेड बंद पडल्यातच जमा होती. इरव्वा त्याला सकाळी उचलून खुर्चीत आणून बसवायची, भरवायची, तोंड पुसायची, बहुतेक त्याच जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांनी. आणि तो डाव्या हातात आकडी घेऊन खांबाला टेकून उभा राहायचा आणि पट्ट्या सरळ करायचा.

मी त्याला शेवटचं बघितलं ते असंच. वारा सुटला होता. नरसय्यानं भरलेली हातगाडी शेडपुढं थांबवली. तो कधी थांबत नसे. आधी पोटभर खोकला, मग जवळ आला. म्हणाला, "मिस्त्री, आता तरी घ्या की खाली. एक शेठ विचारतोय मला. नाव निघालं असंल तर ये म्हणलाय. हे हातगाडीचं काम माज्यानं व्हत न्हाय आता."

अप्पानं त्याच्याकडं बघितलं. इरव्वा दारात आली. मी हातातली बॅटरी खाली ठेवली. अप्पा कसाबसा उठला, खांबाला टेकला आणि डाव्या हातानं आकडी वर नेली.  आकडी नरसय्याच्या पट्टीला लागली. वाऱ्यानं ती पट्टी फिरून भिंतीकडं तोंड करून बसली होती. अप्पानं ती फिरवली. नाव रस्त्याकडं आणलं. मान वाकडी करून बघितलं, सरळ आहे ना. आणि आकडी सोडवली.

मी मोठ्यानं शिवी घातली. आईवरून घातली, आणि अजूनही मला त्या शिवीचं काही वाटत नाही.

नरसय्याला वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं त्याला पाठ झाली होती. त्यानं ती एकदा बघितली. मग दांड्याखाली खांदा दिला आणि हातगाडी उचलली.

अप्पाची आकडी पुढं सरकली. पुढं चिंधी होती. त्यानं तिची रस्त्याकडची बाजू भिंतीकडं केली. बघितलं. मग परत फिरवली. परत बघितलं. चिंधीला कुठं आलंय पुढं आणि मागं? दोन्हीकडून ती तेवढीच हिरवी होती. तो आपला फिरवत राहिला.